टेबलावर जाण्याआधी दुखण्याबद्दल विचारा

पिशवीची तपासणी म्हटली की दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "काही नाही हो, दोन मिनिटांचं काम आहे." आणि घरातून निघताना सासूबाई किंवा शेजारीण म्हणालेली असते, "एवढं काय त्यात, दोन बाळंतपणं काढलीस ना?" दोन्हीकडे हेतू धीर देण्याचाच असतो. पण त्याचा परिणाम असा होतो की बाई दात आवळून पडून राहते आणि दुखतंय हे सांगायलाही लाजते.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या बायकांसाठी, आणि त्यांच्याबरोबर दवाखान्यात जाणाऱ्यांसाठी, हा लेख आहे. दाखल न करता, पूर्ण भूल न देता, सकाळी जाऊन दुपारी घरी येता येईल अशा ज्या तपासण्या आणि छोटे उपचार असतात, त्यांत दुखणं कमी कसं करून घ्यायचं, एवढाच विषय. त्यात अलीकडे एका नव्या साधनाची चर्चा आहे. डोळ्यांवर व्हीआर, म्हणजे आभासी जग दाखवणारा, हेडसेट लावायचा, कानांत आवाज, आणि बाई मनाने जंगलात किंवा समुद्राखाली. त्याबद्दलही सांगणार आहे. मात्र ते साधन यादीत पहिलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

कोणत्या तपासण्या? सगळ्यात साधी म्हणजे पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखं पातळ आम्ल लावून डॉक्टर किंवा सिस्टर बघतात ती कर्करोगाची प्राथमिक तपासणी. थोडी चुरचुर होते, बाकी फारसं काही नाही. त्यात शंका आली तर मोठं करून दाखवणाऱ्या यंत्राने बघणं आणि तुकडा काढून तपासायला पाठवणं. मग तांबी बसवणं आणि काढणं. अंगावरून फार जात असेल किंवा पाळी बंद झाल्यावर पुन्हा लाल दिसलं तर पिशवीच्या आतल्या अस्तराचा नमुना घेणं. पिशवीत दुर्बीण घालून बघणं. आणि सुरुवातीच्या आठवड्यांतला गर्भपात, जो हाताच्या सिरिंजने ओढून घेऊनही करतात.

यातली कुठली तपासणी टाळा असं मी अजिबात म्हणत नाही. उलट कर्करोगाच्या प्राथमिक तपासणीचं मोल जगाला दाखवून दिलं ते महाराष्ट्रातल्या बायकांनीच. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, खेड्यांमधल्या 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांहून अधिक बायका एका मोठ्या अभ्यासात सहभागी झाल्या होत्या. 2009 साली त्याचे निष्कर्ष आले : एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच केलेल्या गटात पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयाने दीड लाख बायकांमध्ये व्हिनेगरच्या साध्या तपासणीचा अभ्यास केला. ती तपासणी डॉक्टरांनी नव्हे, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी केली, तरीही मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर दर 5 वर्षांनी ही तपासणी करून घ्यायला सांगतात ते यासाठी. अडचण अशी, की पहिल्या वेळी फार दुखलं तर बाई दुसऱ्यांदा येत नाही. तुकड्याचा रिपोर्ट आणायलाही येत नाही. शिवाय वाडीवर परत गेल्यावर ती जे सांगते ते ऐकून आणखी चौघी थांबतात.

दुखतं कुठे, हे समजलं तर प्रश्न नेमका विचारता येतो. आतलं दिसावं म्हणून घालायचं साधन, स्पेक्युलम, आत सरकवताना ताण पडतो. पिशवीचं तोंड स्थिर धरायला चिमटा लावतात, तेव्हा टोचल्यासारखं होतं. त्या तोंडातून काहीही आत जाताना पाळीच्या कळेसारखी जोरदार मुरड येते, कारण पिशवी आकसते. दुर्बिणीत आत पाणी सोडतात, त्याचा दाब जास्त असला तर पोट दुखतं, कधी खांद्यातही कळ जाते. ज्यांना खालून बाळंतपण झालेलं नाही, ज्यांची पाळी बंद होऊन वर्षं झाली आहेत, ज्यांना पाळीतच असह्य दुखतं, त्यांना जास्त त्रास होण्याची शक्यता असते. सगळी बाळंतपणं सिझेरियनने झालेल्या बाईचं पिशवीचं तोंडही बऱ्याचदा घट्टच असतं. यापूर्वी कुणी जबरदस्ती केली असेल, मारहाण झाली असेल, तर शरीर आपोआप आवळून घेतं. हे डॉक्टरांना सांगणं अवघड आहे, मान्य. "मला आतल्या तपासणीची फार भीती वाटते" एवढं म्हटलं तरी समजूतदार डॉक्टर पुढचं ओळखतात.

आता औषधाचं. तारीख घेतानाच विचारायचा प्रश्न हा : "मॅडम, दुखू नये म्हणून काय देणार?" उत्तरात तीन-चार गोष्टी येऊ शकतात.

पहिली, तासभर आधी घ्यायची वेदनाशामक गोळी. कोणती आणि किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. पित्ताचा व्रण, मूत्रपिंडाचा आजार, दमा किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आयब्युप्रोफेनच्या जातीतल्या गोळ्या चालत नाहीत, म्हणून हे आधी सांगायला हवं. गोळीकडून अपेक्षाही बेताची ठेवा. तांबी बसवतानाच्या क्षणाला आयब्युप्रोफेनचा फारसा उपयोग होत नाही असं अभ्यासांत दिसलं आहे, पण नंतरच्या दुखण्यासाठी ती कामाची आहे.

दुसरी गोष्ट खरी महत्त्वाची, आणि तीच सगळ्यात कमी वेळा दिली जाते. पिशवीच्या तोंडाच्या बाजूला द्यायचं बधिरतेचं इंजेक्शन, किंवा तिथे लावायचं जेल, स्प्रे. दात काढताना हिरडीत देतात तेच औषध, लिग्नोकेन. दात काढताना इंजेक्शन न देता पक्कड लावणाऱ्या डॉक्टरकडे आपण पुन्हा जाणार नाही. इथे मात्र तसं चालवून घेतलं जातं. इंजेक्शन स्वतः थोडं टोचतं, आणि असर व्हायला काही मिनिटं थांबावं लागतं. ती मिनिटं थांबायचा आग्रह धरा. कानात गुंई आवाज आला, तोंडाला धातूची चव आली किंवा जीभ जड झाली तर लगेच सांगा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेने 2024 मध्ये तांबीबद्दलच्या सूचना सुधारल्या. प्रत्येक बाईशी दुखण्याविषयी आधी बोलावं आणि अशा बधिरतेचा विचार करावा, असं त्यात म्हटलं आहे. गर्भपातासाठी तर हे इंजेक्शन आपल्याकडेही रीतसर पद्धतीचाच भाग आहे.

तिसरी गोष्ट डॉक्टरांच्या हाताची. दुर्बीण साडेतीन मिलिमीटरपेक्षा बारीक असेल आणि स्पेक्युलम, चिमटा न लावता फक्त पाण्याच्या आधाराने आत नेली तर दुखणं बरंच कमी होतं. इटलीच्या डॉ. बेट्टोची यांनी ही पद्धत रुजवली. आता ती जगभर वापरतात. "बारीक दुर्बीण आहे का, चिमट्याशिवाय करता का?" असं विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही. आणि एवढं सगळं असूनही तुम्हाला पूर्ण झोपेतच करून घ्यायचं असेल, तर पूर्ण भुलीचा पर्याय मागा. त्यासाठी उपाशी पोट, रक्ताच्या तपासण्या आणि भूलतज्ज्ञ लागतात, खर्च वाढतो, पण तो तुमचा हक्काचा पर्याय आहे.

इथे एक गोंधळ कायम होतो. "ऑपरेशन आहे" म्हणून बायका आदल्या रात्रीपासून उपाशी राहतात. पूर्ण भूल द्यायची नसेल तर साधारणपणे उपाशी राहायची गरज नसते. खांडस किंवा आंबिवलीकडून पहाटेची एसटी धरून, रिकाम्या पोटी कर्जतला येऊन, दोन तास रांगेत बसलेली बाई टेबलावर गेली की तिला घेरी येते, आणि मग ते दुखण्याच्या नावावर खपतं. पिशवीच्या तोंडाला हात लागला की नाडी मंदावून चक्कर येण्याची शक्यता तशीही असतेच. त्यामुळे उपाशी राहायचं की नाही, हे तारीख घेतानाच विचारा. नको म्हणाले तर भाकरी-चहा घेऊन निघा. दुर्बिणीची तारीख शक्यतो पाळी संपल्यावरच्या आठवड्यात घ्या, तेव्हा आतलं अस्तर पातळ असतं आणि स्पष्ट दिसतं.

मग व्हीआर कुठे बसतं? औषधानंतर, जोडीला.

कल्पना जुनी आहे. सिएटलमध्ये हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी 1990च्या दशकात भाजलेल्या रुग्णांसाठी 'स्नोवर्ल्ड' नावाचं आभासी जग तयार केलं. भाजलेल्या जखमेची पट्टी बदलताना मॉर्फिनही पुरत नाही. त्या वेळी रुग्ण हेडसेटमध्ये बर्फाच्या दरीतून जात पेंग्विनवर आणि हिममानवांवर बर्फाचे गोळे मारत असे. त्यांचं दुखणं कमी झालं. दुखण्याचा संदेश मज्जारज्जूतून वर जाताना मेंदू तो कमी-जास्त करू शकतो, हे मेलझॅक आणि वॉल यांनी 1965 मध्येच मांडलं होतं. लक्ष दुसरीकडे पूर्ण गुंतलं की दुखण्याला मिळणारी जागा कमी होते. पाठीच्या जुनाट दुखण्यासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2021 मध्ये एका व्हीआर उपचाराला परवानगीही दिली.

ओपीडीतल्या दुर्बिणीच्या तपासणीसाठी इंग्लंडमध्ये 40 बायकांवर केलेली चाचणी 2021 साली प्रसिद्ध झाली. दहापैकी किती दुखलं असं विचारल्यावर हेडसेटशिवाय सरासरी 6 आली, हेडसेट लावलेल्यांची 3.7. हा फरक लहान नाही. पण इस्रायलमधल्या अशाच चाचणीत ना दुखण्यात फरक पडला, ना भीतीत. दोन्ही वाचून माझं मत असं झालं की काही बायकांना याचा छान उपयोग होतो, काहींना होत नाही, आणि कुणाला होईल हे लावून बघितल्याशिवाय कळत नाही. "व्हीआर आहे, म्हणून इंजेक्शनची गरज नाही" असं कुठल्या रुग्णालयाने सांगितलं तर मात्र ते मान्य करू नका.

तुमच्यासमोर हेडसेट आला तर काय बघायचं, ते सांगते. तो कपडे बदलण्याआधी, खुर्चीत बसल्या बसल्या एकदा लावून घ्या. थेट टेबलावरच पहिल्यांदा डोळ्यांवर आला तर घाबरायला होतं. अंबाडा असेल तर पट्टा मागे नीट बसत नाही आणि आडवं झाल्यावर डोकं एका बाजूला कलतं. त्यापेक्षा केस सोडून बाजूला सैल वेणी घाला, गजरा आणि पिना काढून ठेवा. चष्मा असेल तर आत मावतो का पाहा. आडवं झाल्यावर समोरचं चित्र पुन्हा सरळ करून घ्यावं लागतं, नाहीतर पूर्ण वेळ तुम्ही आभासी आकाश किंवा छतच बघत बसाल. सिस्टरला तसं सांगा. चित्र संथ असावं. झुल्यासारखं किंवा गाडीतून वेगाने जाण्याचं असेल तर मळमळतं. आवाज मराठीत असेल तर उत्तम, नसेल तर नुसतं संगीत चालेल. कळत नसलेल्या इंग्रजीत कुणी श्वास घ्यायला सांगत असेल तर त्याचा उपयोग नाही. फिट येण्याचा आजार, चक्करेचा त्रास, नुकतीच झालेली डोळ्यांची शस्त्रक्रिया, डोळे आलेले, बंद जागेची भीती, यांपैकी काही असेल तर हेडसेट नको. लाजेखातर हो म्हणू नका.

एक गोष्ट मला या यंत्राइतकीच महत्त्वाची वाटते. हेडसेट लावला की तुम्हाला तुमच्या अंगाशी काय चाललं आहे ते दिसत नाही. म्हणून खोलीत एक बाई, सिस्टर किंवा तुमच्या बरोबरची, असायलाच हवी. खूण आधी ठरवा : हात वर केला की थांबायचं. आणि अशा बऱ्याच यंत्रांना बाहेरच्या बाजूला कॅमेरे असतात. "चित्रीकरण बंद आहे ना?" हे मोठ्याने विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबा. उलट काही बायकांना डोळे झाकलेलेच नको असतात. दुर्बिणीच्या पडद्यावर स्वतःची पिशवी बघत राहिलं की त्यांना धीर येतो. तसं वाटत असेल तर पडदा आपल्याकडे वळवून घ्या.

कशेळ्याच्या किंवा चौकच्या ग्रामीण रुग्णालयात असा हेडसेट टेबलाशेजारी ठेवलेला मिळेल, अशी आशा धरून कुणी जाऊ नये. त्याची गरजही तेवढी नाही. लक्ष गुंतवायचं काम साध्या गोष्टीही करतात. स्वतःचा फोन, तारेचे इअरफोन आणि आधीच उतरवून ठेवलेलं काहीतरी : भजन, जुनी सिनेमाची गाणी, नातवाचा व्हिडिओ. उतरवून ठेवायचं ते अशासाठी की दवाखान्याच्या आतल्या खोलीत रेंजचा भरवसा नसतो. फोन विमान-मोडवर टाका आणि सिस्टरला दाखवा, म्हणजे रेकॉर्डिंगची शंका येणार नाही. एक कान मोकळा ठेवा, डॉक्टर काय सांगतात ते ऐकू यायला हवं. काही ऐकायचं नसेल तर तोंडाने लांब श्वास सोडत राहा, पायांची बोटं हलवा, मांड्या सैल सोडा. श्वास रोखून धरला की ओटीपोट आवळतं आणि दुखणं वाढतं.

सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे बोलणारी सिस्टर. डोक्याशी उभी राहून, खांद्यावर हात ठेवून, "कुठून आलात? भात लावून झाला का? धाकटा कितवीत?" असं विचारत राहणारी. इंग्लंडमधल्या दुर्बिणीच्या दवाखान्यांत यासाठी एक माणूस मुद्दाम नेमतात. आपल्याकडे ज्या दवाखान्यात तीन सिस्टर आणि साठ पेशंट, तिथे ते कठीण, हे कळतं. म्हणून बरोबर येणाऱ्या बाईला आत थांबू द्यावं अशी विनंती करा. ठाकूर किंवा कातकरी वाडीवरून येणाऱ्या बाईबरोबर आशाताई असेल तर तीच आत थांबावी. तिची भाषा आणि तिचा चेहरा ओळखीचा असतो.

कर्जत, नेरळ, खोपोलीतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना दोन शब्द. हेडसेट घ्यायचा विचार असेल तर आधी लिग्नोकेन, बारीक दुर्बीण आणि कोमट सलाइन यांची सोय पक्की करा. घेतलात तर प्रत्येक पेशंटनंतर पुसता येईल असं चेहऱ्याचं आवरण घ्या, आदल्या रात्री चार्जिंग करा, चित्रं यंत्रातच उतरवून ठेवा. आणि प्रत्येक बाईला नंतर विचारा, दहापैकी किती दुखलं. तो आकडा केसपेपरवर लिहा. महिनाभर लिहिलेत की हेडसेटने काम केलं की सिस्टरच्या बोलण्याने, हे तुमच्याच कागदांवर दिसेल.

पेशंटने केव्हाही "थांबा" म्हटलं तर थांबायलाच हवं. तपासणी अर्धवट राहिली तर ती पुन्हा कधीतरी भूल देऊन करता येते. सही केली म्हणजे शेवटपर्यंत सहन करण्याचं वचन दिलं, असा त्या सहीचा अर्थ होत नाही. अचानक पोटात चिरल्यासारखी कळ आली तर गप्प राहू नका, ती डॉक्टरांना कळणं तुमच्या जिवासाठी महत्त्वाचं असतं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत, तेव्हा बधिरतेच्या इंजेक्शनचे पैसे लागतील म्हणून ते मागायला कचरू नका.

संपल्यावर लगेच उठून पळू नका. अर्धा तास पडून राहा, चहा-बिस्कीट घ्या, लघवी होऊ द्या, मग निघा. बदलापूरला किंवा मुंबईला जाऊन आलात तर परतीच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी उभं राहावं लागणार नाही असं बघा. सीएसएमटीहून कर्जत 100 किलोमीटर आहे, खोपोलीला तर त्याहून पुढे जायचं. मोटरसायकलवर मागे बसून घाटरस्त्याने जाणं त्या दिवशी टाळलेलं बरं. बरोबर पॅड ठेवा. एक-दोन दिवस थोडं लाल जाणं आणि पाळीसारखं दुखणं ठीक आहे. पण तासाला पॅड भिजत असेल, ताप-थंडी आली, वास येणारं पाणी जाऊ लागलं, किंवा दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, तर सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात जा, आणि कुठली तपासणी कधी झाली तो कागद बरोबर न्या.